पैसे बँकेत आले, खात्यात मात्र नाहीत

या वेळच्या टपालातली निम्म्याहून जास्त पत्रे एकाच तक्रारीची आहेत: समोरच्याने पैसे पाठवले, मला मिळाले नाहीत, किंवा मिळूनही वापरता येत नाहीत. सगळ्या पत्रांत पाठवणाऱ्याला दोन-दोन पाने शिव्या आणि स्वतःच्या बँकेबद्दल जेमतेम एक ओळ. नोकरीत मी बराच काळ रेमिटन्सच्या, म्हणजे पैसे पाठवण्या-घेण्याच्या टेबलावर होते, त्यामुळे मला उलटे दिसते. पैसे निघेपर्यंत प्रश्न पाठवणाऱ्याचा आणि त्याच्या बँकेचा. ते तुमच्या बँकेत पोचले की तुमची देणेकरी तुमची बँक. या वेळी त्याच बाजूची उत्तरे देते.

प्रश्न : माझा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. एका कंपनीने शुक्रवारी दुपारी ३,४०,००० रुपये एनईएफटीने पाठवले आणि यूटीआर नंबरही, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांकही दिला. माझ्या शाखेत रोज चकरा मारल्या. कधी ‘सर्व्हर डाऊन’, कधी ‘शनिवार-रविवार मध्ये आला’, कधी ‘तिकडूनच आले नाहीत’. पुढच्या गुरुवारी पैसे जमा झाले. मधल्या काळात डिझेलवाल्याला दिलेला चेक परत गेला. मॅनेजर म्हणतात, “मिळाले ना शेवटी? मग झालं तर.” खरेच झाले का?

झाले नाही. आधी शनिवार-रविवारचा मुद्दा निकालात काढू. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला जमलेल्या व्यवहारांची एक बॅच, दिवसाला ४८. रविवार नाही, दिवाळी नाही. सुट्टीचे कारण सांगणारा एकतर जुन्या सवयीने बोलतो आहे किंवा तुम्हाला कटवतो आहे.

आता नियम. ज्या बॅचमध्ये तुमचे पैसे आले, ती बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत तुमच्या बँकेने रक्कम खात्यात जमा करायची, आणि काही कारणाने जमा करता येत नसेल तर तेवढ्याच वेळात पाठवणाऱ्या बँकेकडे परत धाडायची. बँकवाले याला ‘बी प्लस टू’ म्हणतात. तिसरा पर्याय नियमात नाही. व्यवहारात मात्र आहे, त्याचे नाव सस्पेन्स खाते. खाते क्रमांकात काही घोळ दिसला, केवायसी राहिल्याने खाते अडवलेले असले, बँकेच्या विलीनीकरणात जुना क्रमांक बदललेला असला, की रक्कम तात्पुरती तिथे टाकतात आणि ‘उद्या बघू’ म्हणतात. उद्या टेबलावर दुसरा माणूस असतो. तुमच्या पैशांचे नेमके काय झाले ते इथे बसून मी सांगू शकत नाही, पण पैसे बँकेत असूनही शाखेच्या काउंटरवरून ‘आलेच नाहीत’ असे उत्तर मिळू शकते. काउंटरवरचा माणूस फक्त तुमचे खाते उघडून बघतो, सस्पेन्स बघत नाही. तो खोटे बोलतो असे नाही, पण त्याने खात्री करून सांगितले असेही नाही.

उशिराची भरपाई ठरलेली आहे: रिझर्व्ह बँकेचा चालू रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) अधिक दोन टक्के, जितका उशीर तितक्या दिवसांसाठी. समजा रेपो साडेपाच टक्के आहे, तर व्याज साडेसात टक्क्यांनी. ३,४०,००० वर सहा दिवसांचे सुमारे ४१९ रुपये. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कोण भांडणार? पण नियमाचा पुढचा भाग वाचा. हे व्याज ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायचे आहे. ‘तुम्ही मागितलेच नाही’ हे बँकेचे उत्तर होऊ शकत नाही. आणि तिने ते व्याज दिले, की उशीर तिच्याकडूनच झाला हे तिच्याच नोंदीत आले. तुम्हाला चेकची भरपाई मागायची आहे, त्यासाठी ही नोंद ४१९ रुपयांहून मोलाची.

चेक परत जाण्याचे नुकसान हा वेगळा हिशोब आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ सांगते, की करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे जे नुकसान झाले, किंवा करार करतानाच दोन्ही बाजूंना ज्याची कल्पना होती, त्याची भरपाई मिळते. ग्राहकाच्या नावाने आलेला पैसा स्वीकारून त्याच्या खाती जमा करणे हे बँक-ग्राहक करारातच येते. इंग्लंडच्या न्यायालयाने १९२१ साली योआखिमसन खटल्यात ते स्पष्ट शब्दांत मांडले आणि आपल्याकडची बँकिंगची पाठ्यपुस्तके आजही तिथूनच सुरुवात करतात. तेव्हा चेक परत गेल्याचा मेमो, दोन्हीकडचा दंड आणि डिझेलवाल्याने उधारी बंद केल्याचे पत्र मिळत असेल तर तेही जोडा. ‘मनस्ताप झाला’ एवढ्यावर फार काही हाती लागत नाही. कागदावर बरेच लागते.

पत्र कसे लिहायचे? एका पानाचे. यूटीआर, रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि एकच प्रश्न: ही रक्कम आपल्या बँकेला कोणत्या तारखेला, कोणत्या बॅचमध्ये मिळाली? बाकी रामायण नको. यूटीआरकडेही जरा बघा. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे पाठवणाऱ्या बँकेची, आयएफएससीत असतात तीच. मग साधारणपणे एक अक्षर, त्यानंतर वर्षाचे दोन आकडे आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ‘२५०४५’ दिसले तर २०२५ चा पंचेचाळिसावा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी. आरटीजीएसचा (मोठ्या रकमा पाठवायच्या पद्धतीचा) यूटीआर बावीस अक्षरांचा असतो आणि त्यात तारीख सरळच लिहिलेली असते. ‘तिकडूनच उशिरा निघाले’ असे कोणी म्हणाले, की यूटीआरवर बोट ठेवायचे.

पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर फुकट नोंदवता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे, पण तुमचे चालू खाते धंद्याचे असल्याने ‘हा ग्राहकच नव्हे, ही सेवा व्यापारी हेतूने घेतली’ असा वाद बँक घालू शकते. तुमच्या जागी मी असते तर आधी लोकपालच गाठला असता.

प्रश्न : आमच्या भाडेकरूने बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला, “माझ्या खात्यातून गेले. आता तुमचं तुम्ही बघा.” पैसे आठवडाभर आले नव्हते, नंतर त्याच्याकडेच परत गेले. भाडे थकले असे धरायचे की दिले असे?

थकले. त्याला पैसे तुम्हाला द्यायचे होते. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली म्हणून ते फिटत नाही, आणि पैसे परत गेल्यावर तर वादालाही जागा उरत नाही. तुम्ही चुकीचा खाते क्रमांक दिला असता तर गोष्ट निराळी. पैसे परत का आले याचे कारण त्याला त्याच्या बँकेकडून मागायला सांगा, परतीच्या नोंदीत ते असते. पैसे एनईएफटीने पाठवले असतील आणि परत येण्यातच आठवडा लागला असेल, तर त्या दिवसांचे व्याज त्याला मिळायला हवे, आणि ते देणारी बँक तुमची. गंमत आहे, पण नियम तसाच आहे.

प्रश्न : मी घरून शिवणकाम करते. ग्राहक बाई समोर उभ्या राहून यूपीआयने २,००० रुपये पाठवले, त्यांच्याकडे वजा झाले, मला आले नाहीत. ‘यात दिवसाला शंभर रुपये दंड मिळतो’ असे ऐकले. तो मला मिळेल का?

बहुधा नाही, आणि नियमातली ही जागा मला स्वतःला खटकते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेले पैसे पाठवणाऱ्याकडून वजा झाले आणि घेणाऱ्याकडे जमा झाले नाहीत, तर घेणाऱ्याच्या बँकेने ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत परत फिरवायचे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये. दुकानाच्या क्यूआरवर दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. हेही मागावे लागू नये, आपोआप जमा व्हावे असेच परिपत्रक सांगते. पण पैसे परत जातात पाठवणाऱ्याकडे, तेव्हा पैसे अडकले ते त्या बाईंचे, आणि शंभर रुपयांची भरपाईही त्यांची. तुमचा ब्लाउज गेला, पैसेही नाहीत, दंडही नाही.

एनईएफटीत हेच २,००० सहा दिवस अडकले असते तर साडेसात टक्क्यांनी अडीच रुपये व्याज झाले असते, तेही तुम्हाला. इकडे पाचशे आणि समोरच्याला, तिकडे अडीच आणि तुम्हाला. दोन्ही नियम एकाच बँकेने केलेले आहेत.

तुमच्यापुरता इलाज एवढाच: स्वतःच्या मोबाइलवर जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत कपडा द्यायचा नाही. समोरच्याच्या पडद्यावरची हिरवी खूण हा तुमचा पुरावा नव्हे.

प्रश्न : माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. एका अनोळखी ग्राहकाने यूपीआयने १,२०० रुपये दिले. तीन आठवड्यांनी माझे अख्खे खाते गोठले. आत ८६,००० रुपये आहेत. बँक म्हणते, परराज्यातल्या सायबर पोलिसांचे पत्र आहे, त्यांच्याशीच बोला. तो फोन कोणी उचलत नाही. मी गुन्हेगार आहे का?

नाही, आणि तुमच्यासारखी पत्रे मला हल्ली सतत येतात. आधी हे घडते कसे ते सांगते. कुणाची तरी फसवणूक होते, तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे कुठे गेले, तिथून आणखी पुढे कुठे, अशी साखळी निघते आणि साखळीतल्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. चोराने त्याच पैशांतून तुमच्याकडे झेरॉक्स काढल्या असतील, वह्या घेतल्या असतील. तुम्ही साखळीतली तिसरी-चौथी कडी.

बँक खाते ही ‘मालमत्ता’ आहे आणि तपासात पोलीस ती गोठवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी या प्रकरणात ठरवले. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ आहे. पोलिसांचा आदेश आला की बँकेला तो पाळावाच लागतो. तिथे मॅनेजरशी हुज्जत घालून उपयोग नाही.

पण आदेश पाळला म्हणजे तुमच्याबद्दलचे कर्तव्य संपले असे नाही, आणि बँका नेमके इथेच हात झटकतात. ‘त्यांच्याशी बोला’ म्हणायचे, तर ‘ते’ कोण हे तरी सांगितले पाहिजे. शाखेकडे लेखी मागा: कोणत्या पोलीस ठाण्याचा आदेश, कोणत्या तारखेचा, तक्रारीचा पोच क्रमांक काय, वादातली रक्कम किती आणि आदेश नेमका कशाचा, तेवढी रक्कम रोखण्याचा की सगळे खाते गोठवण्याचा? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पोलिसांनी १,२०० रोखायला सांगितले असतील आणि बँकेने ८६,००० रोखले असतील, तर उरलेल्या ८४,८०० रुपयांबद्दल ती आदेशामागे लपू शकत नाही. ते पैसे बँक तुमचे देणे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या याचिकांवर, पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम आहे तेवढ्यापुरतेच खाते रोखावे असे बँकांना सांगितले होते. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नसला तरी पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा. कायदा विभागाच्या हाती पत्र पडले की भाषा बदलते.

आदेश सगळ्या खात्याचाच असेल तर पोलिसांकडे जावे लागेल. फोन उचलत नसतील तर ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने त्या दिवसाचे बिल, क्यूआरवरची नोंद, दुकानाचा परवाना आणि ‘या ग्राहकाशी एवढाच संबंध’ असे साधे निवेदन पाठवा. जप्तीची माहिती पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यायची असते. ती दिलेली नाही, हा तुमच्या वकिलाचा पहिला मुद्दा होऊ शकतो. पैसे सोडवण्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली करता येतो.

आणि आजच करायचे एक काम. खाते फक्त ‘डेबिट फ्रीझ’ आहे का ते विचारा. तसे असेल तर पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. काउंटरवरचा क्यूआर त्याच खात्याला जोडलेला राहिला, तर रोजचा गल्लाही आत जाऊन बसेल. दुसऱ्या खात्याचा क्यूआर लावा. त्यात लपवाछपवी काही नाही, फक्त वादातल्या खात्यातले पैसे काढायची शक्कल लढवू नका. दुकानाच्या कर्जाचा हप्ता याच खात्यातून जात असेल, तर तो दुसरीकडून भरण्याची सोय हप्त्याच्या तारखेआधी करा.

प्रश्न : आमच्या लघुउद्योगाचे बिल एका मोठ्या ग्राहकाला ईमेलने गेले. मध्ये कुणीतरी ईमेल फोडून बिलावरचा खाते क्रमांक बदलला. ग्राहकाने आमच्या कंपनीच्या नावाने, पण चोराच्या खाते क्रमांकावर पाच लाख रुपये पाठवले. नाव जुळत नसताना चोराच्या बँकेने ते जमा कसे केले? तिच्यावर दावा लावता येईल?

जमा केले कारण तिला तसे करायची मुभा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच बँकांना कळवले होते, की इलेक्ट्रॉनिक रक्कम फक्त खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. अर्ज भरताना नाव लिहावे लागते, पण संगणक बघतो क्रमांक. लोकांना हे पटत नाही. चेकच्या जमान्यात वाढलेल्या आम्हा लोकांनाही सुरुवातीला पटले नव्हते, कारण चेकवर क्रमांक नसला तरी चालायचे आणि नावाचे स्पेलिंग चुकले तर चालायचे नाही.

तेव्हा केवळ ‘नाव जुळले नाही’ या मुद्द्यावर त्या बँकेविरुद्ध फारसे काही मिळणार नाही. तुमचा तिच्याशी करारही नाही, ती तुमची बँक नव्हेच. चोराचे खाते तिने केवायसी धाब्यावर बसवून उघडले होते किंवा कळवल्यानंतरही पैसे काढू दिले, हे पुराव्याने दाखवता आले तर मात्र बाजू वेगळी. म्हणून १९३० वर किती वाजता कळवले, बँकेला ईमेल किती वाजता गेला, हे मिनिटासकट जपून ठेवा.

ग्राहकाकडून तुमचे पाच लाख येणे अजून बाकीच आहे. ईमेल तुमच्या बाजूने फुटली की त्याच्या, यावर तो भांडेल आणि ते भांडण सोपे नसेल. पुढच्या वेळेसाठी: १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय द्यायची होती, तीही विनाशुल्क. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकले की त्या खात्यावरचे खरे नाव पडद्यावर दिसते. तुमच्या प्रत्येक ग्राहकाला बिलावरच छापून सांगा, की पैसे पाठवण्याआधी नाव तपासा आणि खाते बदलल्याचे ईमेल आल्यास फोन करा.

प्रश्न : माझ्या खात्यात कुठून तरी ४५,००० रुपये आले. बँकेतून फोन आला, ‘चुकून आलेत, सही द्या.’ एक परका माणूसही ‘माझे आहेत, या नंबरवर पाठवा’ म्हणून मागे लागला आहे. बँक परस्पर काढून घेऊ शकते का?

बँकेने स्वतःच दोनदा नोंद केली असेल, तर ती तिची चूक ती दुरुस्त करू शकते. पण दुसऱ्याने पाठवलेली रक्कम तुमच्या क्रमांकावर रीतसर जमा झाली असेल, तर ती उलटवायला बँक तुमची संमती मागते, आणि तेच योग्य आहे. म्हणून सही मागत आहेत.

सही द्या. करार कायद्याचे कलम ७२ सांगते, चुकून मिळालेला पैसा परत करायचा. माहीत असून खर्च केलात तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४, म्हणजे अप्रामाणिकपणे मालमत्ता हडपल्याचा गुन्हा, मागे लागू शकतो. त्या परक्या माणसाला मात्र एक रुपयाही स्वतः पाठवू नका. पैसे कोणाचे हे तुम्हाला माहीत नाही. फसवणुकीचे पैसे अनोळखी खात्यातून फिरवून घेण्याची ही ठरलेली रीत आहे, आणि वरच्या झेरॉक्सवाल्यांचे काय झाले ते वाचलेच असेल. बँकेला लेखी कळवा, ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवायला सांगा आणि पोच घ्या.

प्रश्न : यजमानांचे निधन झाले. त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात अजून लाभांश आणि शेतमालाचे जुने पैसे यायचे आहेत. बँकेला कळवले तर पैसे परत जातील अशी भीती वाटते, म्हणून कळवलेले नाही.

ताई, कळवा. न कळवता एटीएमने पैसे काढत राहिलात, तर उद्या दुसरा वारस तुम्हालाच जाब विचारेल. अशा मागाहून येणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच दोन मार्ग सांगितले होते. एक, ‘अमुक यांची इस्टेट’ अशा नावाने खाते उघडून येणारी रक्कम तिथे जमा करायची, त्यातून पैसे मात्र काढता येत नाहीत. दुसरा, ‘खातेदार मयत’ असा शेरा मारून रक्कम परत पाठवायची आणि वारसांना तसे कळवायचे. परत गेली तरी ती बुडत नाही. ज्याने पाठवली त्याच्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे देऊन मागता येते. दाव्याचा अर्ज देतानाच बँकेला विचारा, की मागाहून येणाऱ्या रकमांचे काय करणार, आणि उत्तर कागदावर घ्या. नॉमिनी तुम्ही असाल तर काम लवकर होईल.

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. माझे कमिशन दर महिन्याला त्याच खात्यात येते. आता पुढचे येईल ते तरी काढता येईल ना?

येऊच देऊ नका. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध आले की किती काढता येईल हे त्या आदेशातच लिहिलेले असते, आणि तुमच्या घामाचा पैसा कालचा की आजचा हे तो आदेश बघत नाही. आजच कंपनीला दुसऱ्या बँकेचा खाते क्रमांक द्या. आत अडकलेल्या रकमेला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँक बुडण्याची वाट न पाहता निर्बंधांपासून नव्वद दिवसांत तो मिळण्याची तरतूद आहे. बँक मागेल ते संमतिपत्र वेळेत भरा.

प्रश्न : मुलीची शिष्यवृत्ती ‘खात्याची मर्यादा ओलांडली’ म्हणून परत गेली. बँक खात्यात येणाऱ्या पैशांनाही मर्यादा असते का? आणि आलेल्या एनईएफटीवर आमच्या शाखेने शुल्क लावले, ते बरोबर आहे का?

तिचे खाते अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेले ‘छोटे खाते’ असणार. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षाला एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. आधार वगैरे देऊन पूर्ण केवायसी करा, मर्यादा जाईल, मग शिष्यवृत्ती विभागाला पुन्हा पाठवायला सांगा. दोन वर्षे व्यवहार नव्हता म्हणून शिष्यवृत्तीचे खाते कोणी ‘निष्क्रिय’ ठरवले, तर १ जानेवारी २०२४ चे परिपत्रक दाखवा. शिष्यवृत्ती आणि सरकारी योजनांसाठी उघडलेल्या खात्यांना त्यातून वगळले आहे.

शुल्काचे उत्तर एका ओळीचे आहे: आलेल्या एनईएफटीवर आणि आरटीजीएसवर घेणाऱ्याला काहीही शुल्क नाही, लावले असेल ते परत मागा.